धनेशाचा संसार

दांपत्यप्रेमाचा विषय निघाला म्हणजे आपल्या संस्कृत कवींस चक्रवाकाची आठवण होते. परंतु तो हिवाळ्यांतील पाहुणा. विणीसाठीं तो दूर उत्तरेस जातो, त्यामुळें त्याचा संसार आपल्या दृष्टीस पडत नाहीं. ज्याचा संसार घरबसल्या पाहतां यावा असा एक पक्षी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत वड-पिंपळांच्या आश्रयानें राहतो. तो म्हणजे राखी धनेश. लांबी सुमारें दोन फूट, बाकदार थोरली चोंच आणि तिच्यावर लहानसें शिंग. एकदां पाहिला कीं विसरावयाचा नाहीं.

आपल्यांत मुलगी दाखविण्याची चाल आहे. धनेशांत परीक्षा होते ती वराची. विणीपूर्वी नर चोंचींत फळ घेऊन मादीजवळ येतो व तिला भरवितो. हा निव्वळ लाडिकपणा नव्हे. पुढें कित्येक आठवडे तिला ह्याच नराच्या हातचें खावयाचें असतें.

उन्हाळा लागला म्हणजे मादी झाडाच्या ढोलींत शिरते आणि मुख्यतः आपल्या विष्ठेनें दार लिंपून घेते. चोंच बाहेर निघेल एवढी उभी फट तेवढी मोकळी राहते. आंत अंडीं उबवीत असतां तिचीं पंखांचीं पिसें गळतात व उडण्याची शक्ति जाते. नर उंबर, वडाचीं फळें, कधीं सरडे व किडे आणून फटींतून देत असतो. नवीं पिसें येतात, पिलें वाढतात आणि मग ती भिंत फोडली जाते. हा बंदिवास तिचा तिनेंच पत्करलेला असतो; सर्पादि शत्रूंपासून पिलें त्यामुळें सुरक्षित राहतात.

पक्ष्यांच्या सुमारें ९० टक्के जाती जोडीनें राहतात. तथापि आनुवंशिक परीक्षेंत पुष्कळ जातींत कांहीं पिलांचा पिता निराळा निघतो. नामिबियांतील मॉंटेइरोच्या धनेशासंबंधीं २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत मात्र तसें आढळलें नाहीं. जेथें नराच्या श्रमावांचून एकहि पिलूं जगणें कठीण, तेथें निष्ठा ही संसाराची गरजच ठरते.

वाल्मीकींनीं व्याधास शाप दिला तो एका क्रौंचासाठीं. विणीच्या दिवसांत धनेश नर मारला गेला, तर ढोलींतील सर्व कुटुंबावर उपासमारीची पाळी येते. शिवाय ह्या पक्ष्यास ढोली कोरतां येत नाहीं. ती जुन्या झाडांतच आयती मिळते. संगमनेर तालुक्यांतील पेमगिरीचा विस्तीर्ण वड लोकांनीं भक्तिभावानें राखला आहे. परंतु रस्ते रुंद करतांना वाटेवरचे जुने वड सर्रास पडतात. म्हणून चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत जुन्या झाडास कुऱ्हाड लावण्यापूर्वी त्याच्या ढोल्या नीट पाहाव्या. एखाद्या फटींतून चोंच डोकावली, तर पिलें उडून जाईपर्यंत ती कुऱ्हाड खालीं ठेवावी.