मोबाईलवरील झिप फाईल : उघडणे, तपासणे आणि सांभाळणे

कृषी विस्ताराचे बरेचसे काम आता मोबाईलवर चालते. मृदा आरोग्य पत्रिकांचा संच, पावसाच्या दैनंदिन नोंदी, प्रात्यक्षिक क्षेत्रांची छायाचित्रे, शेतांच्या सीमांचे नकाशे असे साहित्य पुष्कळदा एकाच झिप फाईलमधून येते. संगणकावर ती सहज उघडते. मोबाईलवर मात्र ती तशीच पडून राहते, किंवा उघडली तरी आतील तक्त्यात केलेली दुरुस्ती टिकत नाही. त्यामुळे ऐन हंगामात वेळेवर आलेली माहितीही शेतापर्यंत पोहोचत नाही. झिप फाईल कशी चालते हे समजून घेतल्यास या अडचणी टाळता येतात.

संपीडन म्हणजे काय?

झिप ही रचना फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये प्रचारात आणली. तिचे तत्त्व साधे आहे. एखाद्या तक्त्यात ‘सोयाबीन’ हा शब्द शेकडो ओळींत येत असेल, तर तो दर वेळी पूर्ण न साठवता ‘मागे आलेला हाच मजकूर’ अशी छोटी खूण ठेवली जाते. फाईल उघडताना त्या खुणेच्या जागी मूळ मजकूर परत येतो आणि एक अक्षरही गळत नाही. म्हणूनच तक्ते व साधा मजकूर झिपमध्ये खूप आकसतो.

छायाचित्रांचे तसे नाही. जेपीईजी छायाचित्रे आणि एमपी-४ चित्रफिती तयार होतानाच संपीडित झालेल्या असतात, त्यामुळे झिप केल्याने त्यांचा आकार फारसा घटत नाही. तरीही अनेक छायाचित्रे एकत्र बांधून मूळ रूपात पाठवण्यासाठी झिप उपयुक्त ठरते.

फाईल उघडण्याची रीत

अँड्रॉइड मोबाईलवर ‘फाइल्स बाय गूगल’ किंवा मोबाईलसोबत आलेला फाईल व्यवस्थापक उघडावा. ‘डाउनलोड्स’मधील झिप फाईलवर बोट टेकवल्यास आतील यादी दिसते. ‘एक्स्ट्रॅक्ट’ हा पर्याय निवडल्यावर सर्व घटक स्वतंत्र फोल्डरमध्ये उतरतात. आयफोनवर २०१९ च्या आयओएस १३ पासून ‘फाइल्स’ ॲपमध्येच ही सोय आहे. झिपवर टेकवताच शेजारी तिचे फोल्डर तयार होते. आरएआर किंवा सेव्हन-झेड प्रकारची फाईल आल्यास अँड्रॉइडवर ‘आरएआर’ नावाचे ॲप वापरता येते.

यादीत दिसणारा तक्ता आधी बाहेर उतरवावा आणि मगच त्यात नोंदी भराव्यात. झिपच्या आतूनच उघडलेली फाईल ही बहुधा तात्पुरती प्रत असते. तिच्यात भरलेल्या नोंदी मूळ फाईलमध्ये जात नाहीत.

नकाशांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. केएमझेड ही फाईलही आतून झिपच असते, पण ती न सोडवता थेट ‘गूगल अर्थ’मध्ये उघडावी. शेपफाईल मात्र एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ अशा अनेक फाइलींचा संच असतो. त्यातील एकही वेगळी काढली किंवा तिचे नाव बदलले, तर नकाशा उघडत नाही किंवा अपुरा उघडतो.

फाईल उघडत नसेल तर

झिपमधील घटकांची अनुक्रमणिका फाईलच्या अगदी शेवटी असते. क्षीण नेटवर्कमुळे डाउनलोड मध्येच तुटले, तर ही अनुक्रमणिकाच पोहोचत नाही आणि ‘फाईल खराब आहे’ असा संदेश येतो. अशा वेळी मूळ फाईलचा आकार पाठवणाऱ्याकडून विचारून घ्यावा आणि मोबाईलमधील फाईलच्या आकाराशी ताडून पाहावा. आकार कमी असल्यास अपुरी फाईल पुसून ती चांगल्या नेटवर्कमध्ये पुन्हा उतरवावी.

दुसरे कारण जागेचे. समजा, १०० एमबीची झिप सोडवल्यावर आतील साहित्य ४०० एमबी होते. तर सोडवण्याच्या वेळी दोन्ही मिळून ५०० एमबी जागा व्यापली जाते. म्हणून आधी मोकळी जागा पाहावी, सोडवल्यावर आतील फाइली उघडून तपासाव्यात आणि मगच झिप पुसावी. व्हॉट्सॲपवरून आलेल्या झिप त्याच्या ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये साचत राहतात. तेही अधूनमधून पाहावे.

पाठवताना घ्यावयाची काळजी

किडीच्या ओळखीसाठी छायाचित्रातील बारकावे निर्णायक असतात. भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेल्या, मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण असते आणि शरीराच्या मागील टोकाजवळ चौकोनात मांडल्यासारखे चार गडद ठिपके असतात. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने छायाचित्र पाठवल्यास त्याचा आकार घटवला जातो आणि असे तपशील पुसट होऊ शकतात. छायाचित्रासोबत नोंदलेले ठिकाणही गळून जाते. तेच छायाचित्र झिपमध्ये बांधून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ रूपात पोहोचते. त्यासाठी फाईल व्यवस्थापकात छायाचित्रे निवडून ‘कॉम्प्रेस’ हा पर्याय वापरावा.

फोल्डरला पीक, गाव आणि दिनांक कळेल असे नाव द्यावे. जुन्या साधनांवर झिपमधील देवनागरी नावे विस्कटलेली दिसतात. त्यामुळे अन्य राज्यांतील कार्यालयांकडे पाठवताना रोमन अक्षरे व अंक वापरणे सोयीचे ठरते.

शेतकऱ्यांचे आधार किंवा बँक तपशील असलेली झिप पासवर्ड लावूनच पाठवावी आणि पासवर्ड दूरध्वनीवरून वेगळा कळवावा. पासवर्ड लावल्यानंतरही झिपमधील फाइलींची नावे कोणालाही वाचता येतात. म्हणून आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक फाईलच्या नावात कधीही घालू नये.

अनोळखी झिप आणि फसवणूक

झिप उघडल्यावर आत काय आहे हे पाहण्यापूर्वी ती कोणाकडून आली हे पाहावे. आतील फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती माहितीची फाईल नसून मोबाईलवर ॲप बसवणारी फाईल असते. पीएम-किसानसारख्या योजनांच्या नावाने बनावट एपीके व्हॉट्सॲपवर पसरवून खात्यांतील रक्कम लुबाडण्याचे प्रकार देशात घडले आहेत. असे ॲप मोबाईलवर येणारे संदेश वाचते आणि त्यातील ओटीपी फसवणाऱ्याच्या हाती पडतो. गटातील ओळखीच्या व्यक्तीच्या क्रमांकावरून फाईल आली, एवढ्याने ती सुरक्षित ठरत नाही, कारण त्या व्यक्तीचा मोबाईलही बाधित झालेला असू शकतो. शासकीय ॲप गूगल प्ले स्टोअर किंवा संबंधित विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे.

असे ॲप चुकून बसवले गेल्यास मोबाईलचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्यातील व्यवहार थांबवावेत आणि १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधीच रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. गावपातळीवरील प्रशिक्षणात बियाणे व खतांच्या माहितीसोबत या विषयासाठीही थोडा वेळ राखून ठेवावा आणि १९३० हा क्रमांक प्रत्येक सहभागी शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये तेथेच जतन करून द्यावा.