कर्णिका (पर्यटन जहाज)

कर्णिका हे एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या काळात मुंबई बंदरातून सफरी करणारे मोठे पर्यटन जहाज होते. 'जलेश क्रूझेस' ही भारतीय कंपनी ते चालवीत असे. इटलीत १९९० साली बांधून पूर्ण झालेल्या या जहाजाने तीस वर्षांच्या आयुष्यात सहा नावे धारण केली: क्राउन प्रिन्सेस, आरोझा ब्लू, आयडाब्लू, ओशन व्हिलेज टू, पॅसिफिक ज्युएल आणि शेवटी कर्णिका. २०२० च्या अखेरीस गुजरातमधील अलंग येथे ते भंगारात निघाले.

नावे सहा झाली, तरी मालक सहा झाले नाहीत. पहिल्या पाच नावांच्या मागे मालकांची एकच सलग परंपरा होती. परस्परांशी संबंध नसलेल्या विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात झालेला खरा व्यवहार एकच, तो २०१९ चा. जहाजाच्या इतिहासात नाव, नाममुद्रा (ब्रँड) आणि मालकी या तीन गोष्टी वेगळ्या ठेवून पाहाव्या लागतात, त्या यासाठी.

बांधणी आणि रूप

हे जहाज 'सिटमार क्रूझेस' या कंपनीने इटलीतील फिनकांतिएरी या जहाजबांधणी संस्थेकडे मागणी नोंदवून बांधावयास घेतले. मॉनफाल्कोने येथील गोदीत काम चालू असतानाच, १९८८ मध्ये, ब्रिटनच्या पी अँड ओ या कंपनीने सिटमार विकत घेतली. म्हणजे ज्याने जहाज मागविले त्याच्या नावाने ते कधी समुद्रात उतरलेच नाही. १९९० मध्ये ते पी अँड ओच्या प्रिन्सेस क्रूझेस या शाखेत 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून दाखल झाले.

पी अँड ओ, अर्थात पेनिन्सुलर अँड ओरिएंटल, हे नाव मुंबईला नवे नव्हते. इंग्लंडला जाणारी टपाल-बोट म्हणजे बहुधा याच कंपनीची बोट, असा काही पिढ्यांचा अनुभव होता. ऑक्टोबर १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने गेले, तर ऑगस्ट १९३१ मध्ये महात्मा गांधी दुसऱ्या परिषदेसाठी 'राजपुताना' या बोटीने. दोन्ही बोटी पी अँड ओच्याच होत्या. विमानप्रवास रुळल्यावर अशा कंपन्यांना गाव गाठून देणारी बोट सोडून, प्रवास हाच हेतू असलेल्या पर्यटन जहाजाकडे वळावे लागले. क्राउन प्रिन्सेस हे त्या स्थित्यंतराचे अपत्य होय.

जहाजाची लांबी सुमारे २४५ मीटर आणि रुंदी सुमारे ३२ मीटर होती. रुंदीचा हा आकडा योगायोगाचा नाही. पनामा कालव्याच्या त्या वेळच्या जलपाशांतून जेवढे रुंद जहाज जाऊ शके, तेवढेच ते बांधलेले होते. ग्रॉस टनेज या मापाने ते सुमारे ७०,००० भरत असे. 'टन' या शब्दामुळे हे माप वजनाचे असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ते जहाजातील बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढतात.

बाह्य रूपाची कल्पना जेनोव्हा येथील वास्तुविशारद रेन्झो पियानो यांची. पॅरिसमधील पाँपिदू केंद्राचे एक शिल्पकार म्हणून ते त्याआधीच विख्यात झाले होते. पाण्याबाहेर डोके काढलेल्या डॉल्फिनचा गोलसर माथा त्यांनी जहाजाच्या पुढील भागाला दिला. या माथ्याखाली काचेच्या भिंतींचे एक प्रशस्त दालन होते. पुढे रंग आणि बोधचिन्हे कितीही बदलली, तरी या माथ्यामुळे जहाज दुरूनही ओळखू येई.

पाच नावे, एक परंपरा

क्राउन प्रिन्सेस या नावाने जहाज बारा वर्षे चालले. या काळात मूळ कंपनीत मोठी उलथापालथ झाली. २००० मध्ये पी अँड ओने आपला पर्यटन जहाजांचा व्यवसाय वेगळा काढून 'पी अँड ओ प्रिन्सेस क्रूझेस' ही स्वतंत्र कंपनी उभी केली. २००३ मध्ये ती अमेरिकेच्या कार्निव्हल समूहाशी जोडली गेली. जहाज कोणी बाजारात नेऊन विकले नव्हते, पण ज्या कंपनीचे ते होते तीच दुसऱ्याच्या छत्राखाली गेली.

मोठ्या समूहात एखादे जहाज जुने वाटू लागले की ते सहसा लगेच विकत नाहीत. ते समूहातील दुसऱ्या नाममुद्रेकडे, दुसऱ्या देशातील ग्राहकांकडे सरकवितात. थोरल्याचा सदरा धाकट्याला यावा, तसा हा प्रकार. २००२ मध्ये जर्मन प्रवाशांसाठी ते 'आरोझा ब्लू' झाले. कार्निव्हलशी जोडणी झाल्यावर एकाच समूहात जर्मनांसाठी दोन नाममुद्रा ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही आणि २००४ मध्ये जहाज 'आयडाब्लू' झाले. आयडाच्या रिवाजाप्रमाणे नाळेवर लाल ओठ आणि बाजूंवर डोळे रंगविले गेले. २००७ मध्ये ते ब्रिटिश प्रवाशांसाठीच्या 'ओशन व्हिलेज' या अनौपचारिक धाटणीच्या नाममुद्रेकडे 'ओशन व्हिलेज टू' म्हणून आले. पुढच्याच वर्षी ती नाममुद्रा गुंडाळण्याचे ठरले. २००९ च्या अखेरीस ते पी अँड ओ ऑस्ट्रेलियाकडे 'पॅसिफिक ज्युएल' या नावाने गेले आणि तेथे नऊ वर्षांहून अधिक काळ चालले.

नाव बदलले की जहाजाची ओळख पुसली जाऊ नये, यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची क्रमांक-पद्धत १९८७ मध्ये स्वीकारली गेली आणि १९९६ पासून ती बंधनकारक झाली. सात आकडी हा क्रमांक जहाजाला जन्मभर चिकटलेला असतो. मालक, नाव, ध्वज यांपैकी काहीही बदलले तरी तो बदलत नाही. या जहाजाचा क्रमांक होता ८५२१२२०. क्रमांक खरा की खोटा, हे ताडण्याची युक्तीही त्यातच आहे. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ यांनी गुणून बेरीज करावी. बेरजेचा शेवटचा अंक हाच सातवा अंक असला पाहिजे. येथे ५६ + ३० + १० + ४ + ६ + ४ म्हणजे ११०, आणि सातवा अंक ०. वर्गात करून पाहण्याजोगे हे उदाहरण आहे.

मुंबईत

२०१८ मध्ये मुंबई–गोवा जलमार्गावर 'आंग्रिया' ही पर्यटन बोट सुरू झाल्यावर महाराष्ट्रात समुद्रसफरींविषयी उत्सुकता वाढली होती. परंतु आंग्रिया तुलनेने लहान होती. सुमारे दोन हजार प्रवासी नेणारे जहाज भारतीय कंपनीने मुंबईत ठेवून चालवावे, हा बेत वेगळ्याच आकाराचा होता. तो एस्सेल समूहाचे सुभाष चंद्रा यांच्या पुरस्काराने स्थापन झालेल्या झेन क्रूझेस या कंपनीने आखला. 'जलेश' ही तिची नाममुद्रा. जलेश म्हणजे जलाचा ईश, वरुण. कर्णिका म्हणजे कमळाच्या मध्यावरील बीजकोश, तसेच कानातील एक अलंकार. आधीच्या पाच नावांपेक्षा हे नाव अर्थाने अधिक देखणे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

ऑस्ट्रेलियातील सेवा संपवून एप्रिल २०१९ मध्ये जहाज मुंबईत आले. गोवा, दीव आणि आखाती बंदरांच्या सफरी सुरू झाल्या. शाकाहारी व जैन भोजन, भारतीय करमणूक, दोन-तीन रात्रींच्या आखूड सफरी अशी आखणी होती. परंतु वेळ अनुकूल नव्हती. एस्सेल समूहाची आर्थिक ओढाताण त्याच वर्षीच्या जानेवारीत उघड झाली होती. शिवाय जहाज एकच. अनेक जहाजांच्या समूहात एकाचा तोटा दुसरे भरून काढते. एकाच जहाजाच्या कंपनीला ती सोय नसते. ते बंद राहिले की उत्पन्न शून्य, आणि इंधन, विमा, बंदरशुल्क व कर्मचाऱ्यांचे वेतन मात्र चालूच.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' या जहाजावर कोरोनाचा फैलाव होऊन सातशेहून अधिक जणांना बाधा झाली. जगभरची बंदरे पर्यटन जहाजांना बंद होऊ लागली. मार्चमध्ये कर्णिकाच्या सफरी थांबल्या, त्या कायमच्या. कंपनीही त्याच वर्षी बंद झाली.

जप्ती आणि लिलाव

थकलेल्या देण्यांपायी जहाज मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जप्त होऊन लिलावात विकले गेले. जहाजावर जप्ती येते म्हणजे काय, हे येथे समजून घेणे उपयुक्त ठरेल. सागरी कायद्यात दावा मालकाविरुद्धच लावावा लागतो असे नाही. तो थेट जहाजाविरुद्ध लावता येतो. जणू जहाज हीच प्रतिवादी व्यक्ती. मालक परदेशात असो वा दिवाळखोर असो, जहाज न्यायालयाच्या हद्दीतील पाण्यात उभे असेल तर ते अडविता येते. भारतात हा विषय पूर्वी ब्रिटिश अमदानीतील जुन्या कायद्यांवर चाले. २०१७ च्या नौअधिकारिता कायद्याने, जो १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला, त्याला आजचे रूप दिले.

या कायद्याचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे देण्यांचा क्रम. लिलावाची रक्कम अपुरी पडणार हे बहुधा ठरलेलेच असते. त्यामुळे प्रथम कोणाला द्यायचे हा प्रश्न शैक्षणिक राहत नाही. कायद्याने जहाजावरील सागरी धारणाधिकारात खलाशी व कर्मचारी यांच्या वेतनाला पहिले स्थान दिले आहे. त्यानंतर जीवितहानी व इजेची भरपाई, बचावकार्याचे पैसे, बंदराची देणी अशी उतरंड लागते. जहाज गहाण ठेवून कर्ज देणारी बँक या सर्वांच्या मागे उभी राहते, आणि उधारीवर इंधन किंवा शिधा पुरविणारा त्याहून मागे. अशा रचनेमागे साधी जाण आहे. बँकेला कागदपत्रे तपासून कर्ज नाकारता येते. समुद्रात असलेल्या आचाऱ्याला किंवा इंजिनखात्यातील कामगाराला काम सोडून घरी जाता येत नाही.

अलंग

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर फार मोठे असते. उधाणाच्या भरतीला जहाज सरळ किनाऱ्यावर चढवायचे आणि ओहोटीने ते कोरड्यावर राहिले की तोडावयास घ्यायचे, या पद्धतीने भावनगर जिल्ह्यातील अलंग येथे १९८३ पासून जहाजे तोडली जातात. मुंबईत दारुखान्यातही हा उद्योग आहे, पण एवढ्या आकाराच्या जहाजाला जागा अलंगचीच. पोलाद गिरण्यांकडे जाते. पलंग, आरसे, खुर्च्या, भांडी अलंगच्या रस्त्याकडेच्या दुकानांत विकली जातात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विमानवाहू नौका 'विराट' मुंबईहून अलंगला गेली होती. तिला निरोप द्यायला माणसे जमली. कर्णिका गेल्याचे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

भगिनी-जहाज आणि उत्तराधिकारी

याच आराखड्यावर, त्याच गोदीत बांधलेले 'रीगल प्रिन्सेस' १९९१ मध्ये सेवेत आले. तेही २००७ पासून 'पॅसिफिक डॉन' म्हणून ऑस्ट्रेलियात होते. २०२० मध्ये ते विकले गेले, 'सातोशी' या नावाने पनामाजवळ तरंगते निवासस्थान करण्याचा बेत फसला, आणि तेही भंगाराच्या उंबरठ्यावर पोहोचले. परंतु २०२१ मध्ये 'अँबॅसडर' या नव्या ब्रिटिश कंपनीने ते घेतले व २०२२ पासून ते 'अँबियन्स' नावाने टिलबरी बंदरातून पुन्हा चालू झाले. वय, बांधणी आणि गोदी एकच. तेव्हा कर्णिका केवळ म्हातारपणामुळे मोडीत गेली असे म्हणता येत नाही.

मुंबईतील रिकामी जागा 'कॉर्डेलिया क्रूझेस' या नाममुद्रेच्या 'एम्प्रेस' या जहाजाने सप्टेंबर २०२१ मध्ये घेतली. तेही नवे नव्हते. फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने सेवेत आले, ते १९९० सालीच.