दहा दिवसांचा हंगाम

शेगावहून संग्रामपूरकडे जाताना वाटेत वरवट बकाल लागतं. जुलैत इथे कपाशीत डवरे फिरत असतात आणि मैदानात चिखल. कबड्डीचे मोठे सामने भरतात ते माल घरात आल्यावर. खेळाने पिकाच्या कलाने चालायचं, ही या भागाची रीत. अशा ठिकाणाहून पाहिलं तर २०१६च्या जुलैतली ‘प्रीमियर फुटसाल’ ही बंदिस्त फुटबॉलची व्यावसायिक स्पर्धा नवलाचीच वाटते. १५ जुलैला सुरू झाली, २४ जुलैला संपली. सामने चेन्नईत आणि गोव्यात, छपराखाली. पावसाचा संबंधच नाही.

संघ सहा होते: मुंबई, चेन्नई, कोची, गोवा, कोलकाता, बेंगळुरू. प्रत्येकाच्या नावापुढे ‘फाइव्हज’, कारण मैदानात एका बाजूचे पाचच खेळाडू. मुंबईकडे रायन गिग्ज, बेंगळुरूकडे पॉल स्कोल्स, कोलकात्याकडे हर्नान क्रेस्पो, गोव्याकडे रोनाल्डिन्यो. लुईस फिगो अध्यक्ष, विराट कोहली सदिच्छादूत, गीताला ए. आर. रहमान यांचं संगीत. गिग्ज तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. लग्नाच्या वरातीत घोडा नवरदेवापेक्षा महाग पडावा, तसा हा थाट होता.

पण खेळ मात्र नुसत्या थाटाचा नव्हता. फुटसालचा चेंडू नेहमीच्या फुटबॉलपेक्षा लहान, घेर ६२ ते ६४ सेंटिमीटर. दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला जेमतेम गुडघ्याएवढा उसळतो. त्यामुळे उंच फटके मारून वेळ काढता येत नाही. चेंडू पायाखाली, तळव्याने दाबूनच खेळावा लागतो. मैदान ४० मीटर लांब, २० मीटर रुंद. चेंडू बाहेर गेला तर चार सेकंदांत आत आणायचा. एका डावात संघाचे पाच फाउल झाले की सहाव्याला समोर भिंत उभी करता येत नाही. एरवी वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असतात. या स्पर्धेत दहा मिनिटांचे चार भाग केले. जाहिरातींची सोय, दुसरं काय!

रोनाल्डिन्यो लहानपणी हेच खेळत वाढला होता. बेंगळुरूविरुद्ध गोवा ७-२ असा जिंकला, त्यातले पाच गोल एकट्याचे. त्यानंतर तो ब्राझीलला परतला आणि त्याच्या जागी काफू आला. हंगाम दहा दिवसांचा, आणि मुख्य आकर्षण मध्येच निघून गेलेलं! चेन्नईच्या संघातला फाल्काओ माझ्या मते या सगळ्यांत मोठा, कारण तो फुटसालचाच माणूस. दोन विश्वचषक जिंकलेला. आपल्याकडे मात्र पोस्टरवर त्याचं नाव गिग्जच्या मागे. दोनच महिन्यांनी कोलंबियातल्या विश्वचषकात इराणने ब्राझीलला हरवलं, तेव्हा जिंकलेल्या इराणी खेळाडूंनीच फाल्काओला उचलून घेतलं.

गोव्यातल्या अंतिम सामन्यात मुंबईने कोचीला पेनल्टीवर हरवलं आणि करंडक महाराष्ट्रात आला. महाराष्ट्राला त्याचा पत्ता लागला नाही, हे वेगळं.

याला कारण आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने या स्पर्धेला मान्यता दिली नव्हती. हा खेळ कुणाच्या ताब्यात, हे भांडण जुनं आहे. १९३० साली माँतेव्हिदेओत वायएमसीएचे शिक्षक हुआन कार्लोस सेरियानी यांनी हा खेळ बसवला. पुढे फिफाने तो आपल्याकडे घेतला, १९८९ साली नेदरलँड्समध्ये पहिला विश्वचषक भरवला; पण पराग्वेत मुख्यालय असलेली दुसरी जागतिक संघटना वेगळीच राहिली. प्रीमियर फुटसाल या दुसऱ्या गोटातली. त्यामुळे महासंघाच्या छत्राखालचे क्लब या स्पर्धेपासून दूर राहिले. भारतीय मुलं संघांत होती, पण दहा दिवसांनंतर त्यांनी कुठे खेळायचं? खाली ना जिल्ह्याचा सामना, ना राज्याची स्पर्धा. २०१७ मध्ये संघांची नावं बदलून दुसरा हंगाम झाला आणि मग सारं थंडावलं.

फुटसालच्या पहिल्या हंगामाच्या दोन वर्षं आधी, २०१४च्या जुलैतच, प्रो कबड्डी सुरू झाली होती. तीही छपराखाली, मॅटवर, टीव्हीच्या वेळेनुसार. पहिल्या अंतिम सामन्यात जयपूरने यू मुंबाला हरवलं. मातीतला खेळ हॉलमध्ये नेला म्हणून जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. पण त्या मॅटखाली गावोगावची मंडळं होती, वजनगटाचे सामने होते, रात्री हॅलोजन लावून चालणाऱ्या स्पर्धा होत्या. वरवट बकालच्या पोराला टीव्हीवरची चढाई कळत होती, कारण ती त्याने आधी अंगावर घेतलेली होती. फुटसालने कळस आधी विकत आणला.

महासंघाने स्वतःची क्लब फुटसाल स्पर्धा २०२१च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत घेतली. तिथे कुणी गिग्ज नव्हता. भारताचा पुरुष संघ आशियाई पात्रता फेरीत पहिल्यांदा उतरला तो २०२३ साली, ताजिकिस्तानात. आपल्या शालेय स्पर्धांत हँडबॉल आहे. त्याचं मैदान ४० बाय २० आणि गोलपोस्ट तीन बाय दोन मीटरचं, म्हणजे फुटसालच्या मापाचंच. ज्या शाळेत हे गोलपोस्ट उभं आहे, तिथे नवं काही बांधायचं नाही, फक्त कमी उसळणारा चेंडू आणायचा आहे.