डोळ्याचा अंदाज आणि घनफळाचा हिशेब



पावसाळा सुरू झाला की गावोगावी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात. कोणी मूठभर टाकतो, कोणी ओंजळभर, तर कोणी ‘आपली विहीर जरा मोठी आहे’ म्हणून दोन ओंजळी. पण जरा मोठी म्हणजे नेमकी किती मोठी, हे फारसे कोणी मोजत नाही. पावडर कमी पडली तर जंतू मरत नाहीत आणि हगवण, कावीळ, विषमज्वर घरात शिरतात. जास्त पडली तर पाण्याला उग्र वास येतो, आणि बायाबापड्या ते पाणी सोडून ओढ्यावर घागरी भरू लागतात. दोन्हीकडून नुकसान आपलेच. तेव्हा कोणत्या वस्तूत किती मावते, म्हणजेच तिचे घनफळ किती, हे काढायला शिकावे. त्याला फार शिक्षण लागत नाही. दोरी, फूटपट्टी आणि गुणाकार एवढे पुरे.

डोळा कोठे फसतो?

डोळ्याला लांबी आणि उंची चांगली समजते. पण आत किती मावेल हे त्याला नीट कळत नाही. घरातील एक तांब्या घ्या. त्याच घाटाचे, पण उंचीला दुप्पट आणि रुंदीलाही सगळीकडून दुप्पट असे भांडे मनात आणा. त्यात किती तांबे पाणी मावेल? बहुतेक जण दोन म्हणतील, कोणी चार म्हणेल. खरे उत्तर आठ. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट ठाऊक होती. शेर, पायली ही त्यांची धान्याची मापे घनफळाचीच होती. आज वाळू, खडी आणि दगड आपण ब्रासने घेतो, तेही घनफळच. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि वाळू दीड फूट भरलेली असेल, तर ती ९० घनफूट झाली. म्हणजे ब्रासचे पैसे मोजून दहावा हिस्सा कमी मिळाला. वाळू उतरवण्यापूर्वी पट्टी लावली तर हे तिथेच समजते.

विहिरीत पाणी किती?

गोल विहिरीचा आतला व्यास फुटांत मोजावा. विहीर खाली अरुंद होत असेल तर पाण्याच्या पातळीवरचा व्यास धरावा. मग दोरीला दगड बांधून तळाला टेकेपर्यंत सोडावा आणि वर ओढून दोरीचा भिजलेला भाग मोजावा. तीच पाण्याची खोली. आता व्यासाला व्यासाने गुणा, त्याला खोलीने गुणा आणि आलेल्या आकड्याला २२ ने गुणा. जे उत्तर येईल तितके लिटर पाणी विहिरीत आहे असे समजावे. चौकोनी हौद असेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची यांच्या गुणाकाराला २८ ने गुणावे, कारण एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते.

उदाहरण घेऊ. एका विहिरीचा व्यास १० फूट, पाणी १२ फूट. १० × १० × १२ × २२ म्हणजे २६,४०० लिटर. शेजारच्या विहिरीचा व्यास २० फूट, पाणी तेवढेच १२ फूट. तिच्यात १,०५,६०० लिटर. काठावर उभे राहून पाहिले तर दुसरी विहीर दुप्पट दिसते, पण पाणी चौपट आहे. तेथे दुप्पट पावडर टाकणारा माणूस निम्मेच औषध टाकतो, आणि विहीर शुद्ध झाली अशा समजुतीने सगळे गाव ते पाणी पिते.

औषध किती आणि कसे टाकावे?

पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असेल तर चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते. म्हणजे वरच्या लहान विहिरीला ६६ ग्रॅम आणि मोठीला २६४ ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, ते आरोग्यसेवकाकडून तपासून घ्यावे. पावडर जुनी झाली किंवा तिला ओल लागली की तिचा जोर उतरतो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी.

पावडर कोरडी फेकू नये. एका बादलीला १०० ग्रॅमहून जास्त घेऊ नये. प्रथम थोड्या पाण्यात कालवून पातळ लगदा करावा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावे. पाच-दहा मिनिटांत चुना तळाला बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे आणि चुना टाकून द्यावा. तो विहिरीत गेला तर पाणी जड होते. निवळीची बादली दोरीने विहिरीच्या पाण्याखाली सोडून वरखाली हिसके द्यावेत, म्हणजे औषध सगळीकडे मिसळते. त्यानंतर निदान एक तास पाणी काढू नये. रात्री सर्वांचे पाणी भरून झाल्यावर हे काम केलेले बरे.

मापाची हीच शिस्त आजारी मुलाच्या उशाशीही हवी. जुलाबावरच्या क्षारांचे पाकीट एक लिटरचे असेल तर ते मोजून एक लिटर पाण्यातच विरघळवावे. बाजारात २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात, म्हणून पाकिटावर लिहिलेले वाचून किंवा वाचून घेऊन मगच पाणी घ्यावे. पाणी कमी घेतले तर द्रावण फार खारट होऊन मुलाला अपाय होतो, जास्त घेतले तर क्षार पुरेसे पोटात जात नाहीत.

एक इंच पाऊस आणि गोलघुमट

आता शेताकडे वळू. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर किती पाणी पडते? जवळजवळ एक लाख लिटर. म्हणजे २० फुटी विहिरीतील १२ फूट पाण्याइतके! ते पाणी बांधाने अडवले नाही तर एका सरीत एक विहीर शेतावरून वाहून गेली असे समजावे, आणि जाताना ती मातीही घेऊन गेली. हजार चौरस फुटांच्या कौलारू छपरावर एक इंच पावसाने सुमारे २,३०० लिटर पाणी पडते, म्हणजे २०० लिटरची अकरा-बारा पिंपे.

विजापूरचा गोलघुमट पुष्कळांनी पाहिला असेल. मुहम्मद आदिलशहाची ही कबर सतराव्या शतकात बांधली गेली. तिच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. तो अर्धा गोल धरला तर त्याच्या पोकळीत सुमारे १४ हजार घनमीटर, म्हणजे १ कोटी ४० लाख लिटर मावेल. ऐकायला हा आकडा अफाट वाटतो. पण १४० एकरांच्या शिवारावर एक इंच पाऊस पडला की तेवढे पाणी येते.

रोममधील संत पेत्राच्या महामंदिराच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ४२ मीटर आहे. तो थोडा उभट आहे, पण हिशेबापुरता तोही अर्धा गोल धरू. दोन घुमटांच्या व्यासात फरक फक्त चार मीटरचा, म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. पोकळीत मात्र जवळजवळ एक तृतीयांशाचा फरक पडतो. तांब्याचा नियम येथेही तोच.

धान्याची रास आणि पिरॅमिड

खळ्यावरची रास खाली रुंद आणि वर निमुळती असते. अशा राशीचे घनफळ तितक्याच रुंदीच्या व उंचीच्या सरळ कणगीच्या एक तृतीयांश भरते. तेव्हा राशीचा व्यास गुणिले व्यास गुणिले उंची करून त्याची चौथाई घ्यावी, अंदाज बराच जवळ येतो. गव्हाची रास ६ फूट रुंद आणि २ फूट उंच असेल तर ती साधारण १८ घनफूट भरते. घनफुटाला सुमारे २२ किलो धरल्यास चार क्विंटल गहू झाला. रास १२ फूट रुंद आणि ४ फूट उंच असेल तर गहू आठपट, म्हणजे साधारण बत्तीस क्विंटल. नुसत्या नजरेने रासभर धान्याचा सौदा करणारा माणूस कोठे बुडतो, ते यावरून दिसेल.

इजिप्तमधील मोठा पिरॅमिड ही चौकोनी तळाची रासच आहे. तळाची प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर आणि मूळ उंची सुमारे १४६ मीटर. तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची भागिले तीन केले की सुमारे २६ लाख घनमीटर येतात, आपल्या भाषेत नऊ लाखांहून अधिक ब्रास. साडेचार हजार वर्षांपूर्वी माणसांनी एवढा दगड रचला.

धरणाच्या बातमीत ‘टीएमसी’ हा शब्द येतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच एक कोटी ब्रास. एका टीएमसी पाण्यात असे सुमारे अकरा पिरॅमिड बसतील. घटप्रभा नदीवरील हिडकल धरणाची साठवण सुमारे ५१ टीएमसी आहे, म्हणजे साडेपाचशेहून अधिक पिरॅमिड. आणि हा सारा साठा शेवटी डोंगरांवर व शिवारांवर इंचाइंचाने पडलेल्या पावसाचाच असतो.

ध्यानात ठेवावे

१. गोल विहीर : व्यास × व्यास × पाण्याची खोली (सर्व फुटांत) × २२ = लिटर.
२. चौकोनी हौद : लांबी × रुंदी × पाण्याची उंची (फुटांत) × २८ = लिटर.
३. ब्लीचिंग पावडर : १,००० लिटरला अडीच ग्रॅम, नंतर एक तास थांबावे.
४. एक एकर, एक इंच पाऊस : सुमारे एक लाख लिटर.
५. वाळू-खडी : लांबी × रुंदी × उंची (फुटांत) भागिले १०० = ब्रास.

विहिरीचा व्यास बदलत नाही. तो एकदा नीट मोजून काठावरच्या दगडावर रंगाने लिहून ठेवावा. मग दरवेळी फक्त पाण्याची खोली मोजावी लागेल. शाळेत जाणाऱ्या मुलांना या कामाला लावावे. त्यांचा गुणाकार पक्का होईल आणि घराला निर्धोक पाणी मिळेल.