हॉलिवूडची व्हायोलिन आणि गावाकडचा ठेका : 'सैराट'चा अल्बम नेमका कसा घडला?

लग्नाची वरात असो, गणपतीची मिरवणूक असो, नाहीतर भोसरी-चाकणमधल्या एखाद्या कंपनीचा अॅन्युअल डे. डीजेवाल्याकडे दुसरं काही नसलं तरी एक गाणं असतंच. 'झिंगाट'. २०१६ साली आलेलं हे गाणं लागलं की अजूनही कोपऱ्यात उभी असलेली माणसं मधे ओढली जातात.

पण विषय असा आहे की, ज्या अल्बममध्ये 'झिंगाट' आहे, त्याच अल्बमसाठी थेट लॉस एंजेलिसमध्ये ऑर्केस्ट्रा बसवला होता. आणि ज्या सिनेमात हे गाणं आहे, तो सिनेमा एकही सूर न वाजवता संपतो. एवढा खर्च करून संगीत केलं आणि ऐन शेवटाला ते बंद ठेवलं. असं का? त्यासाठी ही गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागेल.

बदलीची नोकरी आणि उसनी वाद्यं

चाकण सोडून नाशिकच्या दिशेला निघालं की पुढे राजगुरूनगर लागतं. आज या रस्त्यावर कंटेनर आणि कंपन्यांच्या बसची रांग असते. अतुल आणि अजय गोगावले लहान होते तेव्हा हा सगळा शेतीचा पट्टा होता. वडील महसूल खात्यात, त्यामुळे बदली ठरलेली. राजगुरूनगर, जुन्नर, शिरूर अशा गावांमध्ये दोघांचं बालपण गेलं.

घरात संगीताची परंपरा नव्हती, रीतसर शिक्षण नव्हतं, वाद्यं विकत घ्यायची ऐपतही नव्हती. मग ज्याच्याकडे पेटी असेल त्याच्याशी मैत्री करायची, असा मामला. पुढे बँडवाले, शाळा, देवळं, शाहीर, जिथे संधी मिळेल तिथे दोघं वाजवत आणि शिकत गेले.

आता हा भाग कुठला तेही बघा. आळंदी याच खेड तालुक्यात, म्हणजे माउलींची पालखी आणि टाळ-मृदंग घरचेच. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगाव, म्हणजे तमाशाची पंढरी. भजन, भारूड, गोंधळ, जागरण आणि ढोलकी हे सगळं पन्नासेक किलोमीटरच्या टापूत. क्लास न लावताही कान तयार होईल असा हा परिसर.

पण या दोघांना आणखी एका माणसाने वेड लावलं होतं. इलैयाराजा. तामिळनाडूच्या खेड्यातून आलेल्या या संगीतकाराने तिथल्या लोकसंगीताला पाश्चात्य ऑर्केस्ट्राच्या शेजारी बसवलं होतं. पुढे २००५ साली 'तिरुवासकम' या प्राचीन तमिळ भक्तिकाव्यासाठी त्यांनी बुडापेस्टचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा वापरला. आपल्या मातीतलं गाणं आणि शंभर व्हायोलिन यांचं भांडण असायचं कारण नाही, हे या भावांनी त्यांच्याकडून घेतलं.

हा प्रयोग 'सैराट'च्या आधीपासूनच सुरू होता

अजय-अतुल यांचा सुरुवातीचा अल्बम होता 'विश्वविनायक'. गणपतीची स्तोत्रं, गायला शंकर महादेवन आणि एस. पी. बालसुब्रमण्यम, आणि मागे भला मोठा वाद्यवृंद.

मग सिनेमे आले. 'अगं बाई अरेच्चा!' आला. 'जत्रा'मधलं 'कोंबडी पळाली' आलं, ज्याची चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन देशभर गेली. 'जोगवा'साठी सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१० साली 'नटरंग'मुळे लावणी पुन्हा मोबाइलच्या रिंगटोनमध्ये आली.

दुसरीकडे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा एक दिग्दर्शक 'फँड्री' घेऊन आला होता. नागराज मंजुळे. त्या सिनेमाच्या प्रमोशनसाठी अजय-अतुल यांनी एक गाणं केलं. गाणं गाजलं, पण प्रत्यक्ष सिनेमात ते नव्हतं. पुढच्या सिनेमात मात्र गाणी कथेच्या आत येणार होती.

मग हॉलिवूड कशाला?

'सैराट'चं बजेट सुमारे ४ कोटी रुपये होतं. त्यातली ऑर्केस्ट्राची बाजू रेकॉर्ड झाली लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर. ही तीच जागा, जिथे एमजीएम कंपनीच्या जमान्यात 'द विझार्ड ऑफ ऑझ' (१९३९) चं संगीत रेकॉर्ड झालं होतं. तिथे रेकॉर्डिंग करणारा पहिला भारतीय सिनेमा म्हणून 'सैराट' ओळखला जातो.

आपल्याकडे व्हायोलिन वाजवणारे नाहीत का? आहेत की. जुन्या हिंदी गाण्यांमागे ऐकू येणारे मोठे वाद्यवृंद मुंबईतच बसायचे, आणि त्यांचा कणा होता गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांमध्ये ते नोटेशन वाचायला शिकलेले असत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर संगीतकाराची चाल ऐकून पन्नास वादकांसाठी ती कागदावर उतरवायचे. पण सिंथेसायझर आला, एका कीबोर्डमध्ये अख्खा व्हायोलिन सेक्शन मावायला लागला आणि एवढ्या वादकांना एकत्र बसवणं कमी होत गेलं.

अशा स्टेजवर काम कसं चालतं, तेही इंटरेस्टिंग आहे. चाल आधी घरी तयार असते. ती प्रत्येक वाद्यासाठी वेगळी लिहून काढतात. वादक येतात, समोरचा कागद पहिल्यांदाच बघतात आणि लगेच वाजवतात. कानातल्या हेडफोनमध्ये घड्याळासारखी टिकटिक चालू असते, तिला क्लिक ट्रॅक म्हणतात. सगळ्यांनी त्याच टिकटिकीवर चालायचं, कारण गाण्याचे बाकीचे भाग दुसरीकडे रेकॉर्ड होणार असतात आणि शेवटी सगळं एकमेकांवर बसवायचं असतं. स्टुडिओचं भाडं तासावर, त्यामुळे 'जरा परत बघू' म्हणायला वाव कमी.

आपल्याकडच्या हलगीवाल्याचं किंवा ढोलकीवाल्याचं याच्या उलट. कागद नाही, ठेका हातात असतो. गाणाऱ्याने ओळ ओढली तर तोही थांबतो, नाचणारा पेटला तर तोही वेग वाढवतो. एक बाजू लिहिलेल्या कागदावर चालते, दुसरी समोरच्या माणसावर. हे दोन्ही एका गाण्यात बसवायचे आणि तरी गाणं जोडकाम वाटू द्यायचं नाही, ही या अल्बमची खरी कसरत होती.

गाणी चारच

'याड लागलं' अजय यांनी गायलं. 'आत्ताच बया का बावरलं' श्रेया घोषाल यांनी. 'सैराट झालं जी' अजय आणि चिन्मयी श्रीपाद यांनी. 'झिंगाट' दोघा भावांनी. संपला अल्बम.

'सैराट झालं जी' या नावातला शेवटचा 'जी' ऐका. शाहिराच्या मागे उभे असलेले झीलकरी ओळ उचलताना जो 'जी' ओढतात, तोच हा. 'याड लागलं'मध्ये शब्द सोलापूरच्या बोलीचे आणि मागे व्हायोलिनचा पूर.

इथेच या खर्चाचं उत्तर आहे. हिंदी सिनेमात असा ऑर्केस्ट्रा बहुतेक वेळा स्वित्झर्लंडच्या बर्फात नाचणाऱ्या हिरोसाठी वाजायचा. इथे तो वाजला मासे पकडणाऱ्या घरातल्या परश्यासाठी आणि बुलेट-ट्रॅक्टर चालवणाऱ्या आर्चीसाठी. एरवी ज्यांच्या प्रेमाला गावात 'पोरखेळ' म्हणतात, त्या प्रेमाला या संगीताने राजवाड्यातल्या प्रेमाएवढं मोठं केलं.

आणि एक गोष्ट लक्षात आली का? चारही गाणी पूर्वार्धात आहेत. 'झिंगाट' हे शेवटचं. आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला पोरं बेभान नाचतात आणि त्याच रात्री आर्ची-परश्या पकडले जातात. त्यानंतर सिनेमात गाणं नाही. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी, भांडणं, संशय आणि हळूहळू उभा राहणारा संसार. घरापासून लांब येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्या पिंपरी-चिंचवड, चाकणच्या हजारो जोडप्यांना हा भाग कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेवट तर ठाऊकच आहे. दारात माहेरची माणसं, चहा, आणि मग लहानग्याची लाल पावलं. पडद्यावर पूर्ण शांतता. पूर्वार्धात तो ऑर्केस्ट्रा कान भरून ऐकलेला असतो, म्हणून ही शांतता इतकी अंगावर येते.

लोकांनी काय केलं?

२९ एप्रिल २०१६ ला सिनेमा लागला आणि थिएटरमध्ये 'झिंगाट' सुरू झालं की लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचायला लागले. १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा म्हणून 'सैराट'चं नाव झालं. २०१७ मध्ये कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला, २०१८ मध्ये हिंदीत 'धडक'. हिंदीत 'झिंगाट' तसंच राहिलं आणि 'याड लागलं'चं 'पहली बार' झालं. कथा मात्र उदयपूरला गेली आणि जातीचा मुद्दा पुसट केल्याची टीका झाली. म्हणजे गाणी सहज उचलता आली, पण ती ज्या कारणासाठी केली होती ते कारण मागे राहिलं.

यात नाचणाऱ्यांची चूक म्हणता येणार नाही. गाणंच नाचण्यासाठी केलंय आणि चांगलं गाणं सिनेमाच्या बाहेर स्वतःचं आयुष्य जगतंच. पण जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोटच्या पोरीला मारल्याच्या बातम्या 'सैराट'नंतरही थांबल्या नाहीत. उलट अशा बातम्यांना 'सैराटची पुनरावृत्ती' असं शीर्षक द्यायची पद्धत पडली.

कधी वेळ मिळाला तर हा अल्बम हेडफोन लावून, एकही गाणं न वगळता, क्रमाने ऐका. जेमतेम वीस-बावीस मिनिटांचं काम आहे. आणि 'झिंगाट' संपल्यावर लगेच दुसरं गाणं लावू नका.