अंगाखाली काय घ्यावे?

सहा डिसेंबरला चैत्यभूमीला निघालेल्यांच्या पाठपिशव्या आम्ही दरवर्षी पाहतो. भाकरी-चटणी, पाण्याची बाटली, एक चादर, आणि येताना पुस्तके आणायची म्हणून मुद्दाम ठेवलेली रिकामी जागा. पांघरायला असते, अंथरायला नसते. मग दादरला उघड्या मैदानावर चादरीवर रात्र काढायची आणि सकाळी आखडलेल्या कमरेने तासन्‌तास रांगेत उभे राहायचे. तरुण पोरे सोसतात. आई-वडिलांचे काय?

थंडी वरून लागते असे वाटते, पण जमीनही खालून अंगाची ऊब ओढत असते. चादर किंवा गोधडी उबदार लागते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. अंगाच्या भाराने ती हवा दबून जाते, म्हणून खाली घातलेली गोधडी वरच्याइतकी काम करत नाही. शिवाय ती जड, आणि दवाने भिजली की आणखी जड.

दुकानात योगाची मॅट स्वस्तात मिळते. ती साधारण 4 ते 6 मिलिमीटर जाड असते आणि पाय घसरू नयेत म्हणून बनवलेली असते, झोपण्यासाठी नव्हे. पाठीवर झोपणाऱ्याचे तिच्यावर भागते. कुशीवर झोपणाऱ्याचा मात्र सगळा भार खांदा आणि खुब्यावर येतो, आणि खुब्याला जमीन टोचतेच. त्यापेक्षा ट्रेकिंगवाले वापरतात ती 10 मिलिमीटर किंवा जास्त जाडीची फोमची मॅट घ्यावी. तिच्यातले हवेचे बुडबुडे बंद असतात, त्यामुळे ती पाणी पीत नाही, वजनाला हलकी असते आणि गुंडाळून पिशवीला बाहेरून बांधता येते. गादीतला स्पंज मात्र नेऊ नका, तो पाणी शोषतो आणि जागाही फार खातो.

हवा भरायची गादी सर्वांत मऊ. पण गर्दीत एखादी पिन, एखादा खडा लागला की रात्र जमिनीवरच. नेलीच तर गच्च फुगवू नका. थोडी हवा सोडा, खुबा किंचित रुतला पाहिजे, पण खाली टेकता कामा नये.

पारख सोपी आहे. दुकानातच मॅट फरशीवर टाका आणि कोपर जोराने दाबा. फरशी हाडाला लागली तर ती पातळ. मग निघण्याआधी एक रात्र घरी तिच्यावरच झोपून पाहा, नेहमीच्या कुशीवर.

पैसे नसतील तर किराणा दुकानातून मोठ्या खोक्यांचे पुठ्ठे मागून आणा. खाली प्लास्टिक, वर पुठ्ठ्याचे दोन-तीन थर, त्यावर चादर. हसू नका, पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये हवाच असते. मॅट घ्यायची झाली आणि एकच परवडत असेल, तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला द्या. पाठीवर झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली आणि कुशीवर झोपणाऱ्याने गुडघ्यांमध्ये कपड्यांची घडी घेतली की कमरेचा ताण कमी होतो. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर टाचांखाली मऊ कापड ठेवा आणि सकाळी टाचा लाल झाल्या आहेत का, फोड आला आहे का ते बघा. गुडघे दुखणाऱ्यांना मॅट कितीही जाड असली तरी जमिनीवरून उठणे जडच जाते, त्यांच्या शेजारी हात द्यायला घरचे कुणी झोपावे.

फोम पेट घेतो. मेणबत्ती आणि डासांची अगरबत्ती त्याच्यापासून लांबच ठेवा. घरी आल्यावर मॅट पुसून सावलीत वाळवा आणि करकचून बांधून ठेवण्याऐवजी पलंगाखाली सपाट पसरून ठेवा.