धुळीच्या रिंगणातील एक मृत्यू आणि त्याचा दुभंगलेला वारसा

मनुष्याच्या मागे उरलेल्या संपत्तीची वाटणी कशी करावी, याचे नियम बहुतेक सर्व समाजांनी घालून ठेवले आहेत. जमीन असो, घर असो वा दागदागिने असोत, वाटेकऱ्यांचे एकमत झाले नाही तर न्यायालय निकाल देते आणि ज्याच्या त्याच्या नावाने वेगळा उतारा निघतो. परंतु मृताच्या स्मृतीची वाटणी करणारा कायदा अद्याप कोठेही झालेला नाही. एकाच मृत्यूविषयी दोन पक्ष दोन निरनिराळ्या गोष्टी सांगू लागले, म्हणजे त्या स्मृतीचा खरा धनी कोण, हे ठरवणे अवघड होऊन बसते. अमेरिकेतील केव्हिन वॉर्ड या अवघ्या वीस वर्षांच्या मोटारशर्यतपटूच्या मृत्यूनंतर नेमके हेच घडले.

ही हकीकत समजण्यासाठी प्रथम स्प्रिंट कार या विलक्षण वाहनाचा थोडा परिचय करून घेणे अवश्य आहे. गुळगुळीत रस्त्यावर धावणारी शर्यतीची मोटार आणि ही गाडी यांत फार अंतर आहे. स्प्रिंट कार धावते ती मातीच्या, लंबवर्तुळाकार आणि बहुधा अर्ध्या मैलाहून मोठ्या नसलेल्या रिंगणात. चालकासह तिचे वजन जेमतेम सातशे किलोग्रॅम भरते. पण न्यूयॉर्क राज्यात वॉर्ड ज्या मालिकेत भाग घेत असे, तिच्यातील गाड्यांना ३६० घन इंचांचे, म्हणजे सुमारे ५.९ लिटरचे इंजिन असते आणि त्याची शक्ती सातशे अश्वशक्तीच्या आसपास जाते. इंधन म्हणून पेट्रोलऐवजी मिथेनॉल वापरतात. गाडी स्वतःहून सुरूही होत नाही. मागून दुसऱ्या वाहनाने ढकलावे, तेव्हा तिचे इंजिन जागे होते. चालकाच्या डोक्यावर पत्र्याचा एक भलामोठा पंख बसवलेला असतो. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. हा पंख उलट गाडीला खाली मातीवर दाबून धरतो.

या गाडीला सदैव डावीकडेच वळावयाचे असते. म्हणून मागचे उजवे चाक डाव्यापेक्षा मोठे ठेवतात. वळणावर चालक गाडीचा मागचा भाग मुद्दाम घसरू देतो आणि ती घसरण सावरतो ती मुख्यतः इंजिनाला कमीअधिक इंधन देऊन. तात्पर्य, साध्या मोटारीत जे काम सुकाणूचक्र करते, त्यातील निम्मे काम येथे पायाखालची कळ करते. शिवाय पंखाच्या बाजूच्या उभ्या पत्र्यामुळे आणि चालकाभोवतीच्या संरक्षक चौकटीमुळे त्याला उजव्या बाजूचे फारच थोडे दिसते. या दोन गोष्टी पुढील सर्व वादाच्या मुळाशी आहेत.

केव्हिन वॉर्डचा जन्म १९९४ सालचा. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील पोर्ट लेडन हे त्याचे छोटेसे गाव. इतर मुले तीनचाकी सायकल चालवतात त्या वयात तो गो-कार्ट चालवू लागला होता. एम्पायर सुपर स्प्रिंट्स या प्रादेशिक मालिकेत २०१२ साली त्याला उत्कृष्ट नवोदिताचा मान मिळाला. अशा मालिकांतून कोणी धनवान होत नाही. घरची माणसेच गाडी दुरुस्त करतात, ओढून नेतात, आणि बक्षिसाची रक्कम पुष्कळदा टायरांतच खर्ची पडते. या खेळाचा पाया असल्या कुटुंबांच्या घामावर उभा आहे.

दुसऱ्या बाजूला होता टोनी स्टुअर्ट. १९९५ साली मिजेट, स्प्रिंट आणि सिल्व्हर क्राउन या तिन्ही प्रकारच्या गाड्यांचे अमेरिकेतील राष्ट्रीय अजिंक्यपद एकाच वर्षी जिंकणारा तो पहिला चालक. पुढे नॅस्कार या सर्वांत लोकप्रिय मोटारशर्यतीचे अजिंक्यपद त्याने २००२, २००५ आणि २०११ असे तीन वेळा पटकावले. एवढे वैभव लाभल्यावरही मातीच्या रिंगणाची ओढ त्याला सुटली नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये आयोवा राज्यात अशाच एका शर्यतीत त्याचा पाय मोडला, तरी वर्षभरात तो पुन्हा तेथेच परतला. हिंदकेसरी पैलवानाने गावच्या जत्रेतील फडात उतरावे, तसा हा प्रकार होता. गावच्या मल्लांना त्याचा अभिमानही वाटे आणि त्याला चीत करण्याची ईर्ष्याही वाटे.

९ ऑगस्ट २०१४ च्या रात्री कॅननडेग्वा येथील अर्ध्या मैलाच्या रिंगणात हे दोघे समोरासमोर आले. एका वळणातून बाहेर पडताना दोघांच्या गाड्या अगदी लगटून गेल्या आणि वॉर्डची गाडी बाहेरच्या भिंतीला लागून गिरकी घेऊन थांबली. पिवळे निशाण झाले. अशा वेळी उरलेल्या गाड्या वेग कमी करून एकामागून एक फिरत राहतात. वॉर्ड पट्टे सोडून खाली उतरला आणि संतापाने हातवारे करीत, चालत्या गाड्यांच्या दिशेने रिंगणात पुढे आला. त्याच्या अंगावर काळा पोषाख होता. एका गाडीने त्याला चुकवले. पाठोपाठ आलेल्या स्टुअर्टच्या गाडीच्या मागच्या उजव्या चाकाचा त्याला जबर तडाखा बसला आणि त्याचा अंत झाला.

प्रेक्षकांपैकी कोणीतरी टिपलेली चित्रफीत काही तासांतच जगभर पसरली. तीत इंजिनाचा आवाज वाढल्याचे आणि गाडीचा मागचा भाग सरकल्याचे अनेकांना जाणवले. एका पक्षाने लगेच अर्थ लावला की, स्टुअर्टने तरुणाला धडा शिकवण्यासाठी, निदान भेडसावण्यासाठी, मुद्दाम वेग वाढवला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, या गाडीत इंधन वाढवणे म्हणजे वळण्याचा प्रयत्न करणे. जे आक्रमण वाटते, ते कदाचित बचावासाठी केलेले असेल. चित्र एकच होते, परंतु पाहणाऱ्यांना त्यातून दोन वेगळी सत्ये दिसली. डोळ्यांनी पाहिलेले ते निर्विवाद, असे आपण समजतो. तथापि, माणसाचा पाय कळीवर पडला तो कोणत्या हेतूने, हे कोणत्याही चित्रफितीत उमटत नाही.

यापुढचा प्रश्न कायद्याचा. ज्यूरी म्हटली की मराठी श्रोत्याला १९५९ सालचा मुंबईचा नानावटी खटला आठवतो. ग्रँड ज्यूरी ही संस्था त्याहून निराळी आहे. आरोपी दोषी की निर्दोष, हे ती ठरवत नाही. खटला भरण्याइतका पुरावा आहे की नाही, एवढेच पाहते. न्यूयॉर्क राज्यात तिच्यात सोळा ते तेवीस नागरिक असतात आणि आरोप ठेवण्यास किमान बारा जणांची संमती लागते. तिचे कामकाज गुप्त चालते. या प्रकरणी ऑन्टॅरिओ काउंटीतील तेवीस जणांच्या ग्रँड ज्यूरीने साक्षी ऐकल्या, चित्रफिती पाहिल्या आणि अपघातांची पुनर्मांडणी करणाऱ्या तज्ज्ञांची मते घेतली. बेदरकारपणे किंवा गंभीर हयगयीने मृत्यू घडवून आणल्याचा आरोप ठेवता येईल काय, असा प्रश्न तिच्यापुढे होता. २४ सप्टेंबर २०१४ रोजी उत्तर जाहीर झाले : कोणताही आरोप ठेवण्यात येऊ नये.

त्याच दिवशी जिल्हा सरकारी वकिलांनी आणखी एक गोष्ट उघड केली. वॉर्डच्या शरीरात गांजाचा अंश सापडला असून तो त्याची विवेकशक्ती मंदावण्याइतका होता, असे त्यांनी सांगितले. या एका वाक्याने मृताच्या वारशाचे दोन तुकडे केले. ज्यांना त्याच्याविषयी हळहळ वाटत होती, त्यांतील कित्येक म्हणू लागले की, मग दोष त्याचाच. कुटुंबाने तितक्याच तीव्रतेने उत्तर दिले की, चर्चा व्हावी ती गाडी चालवणाऱ्याच्या कृतीची. मेलेल्याच्या रक्ताची नव्हे.

येथे थोडे थांबून विचार करावा लागतो. ग्रँड ज्यूरीने आरोप नाकारला याचा अर्थ गुन्ह्याचा पुरेसा पुरावा आढळला नाही, इतकाच. गुन्हा नाही म्हणजे चूक नाही, असे त्यातून निष्पन्न होत नाही. उलटपक्षी, वॉर्डने रिंगणात उतरून अविचार केला, हे मान्य केले तरी तेवढ्याने दुसऱ्याच्या अंगी असलेली सावधगिरीची जबाबदारी आपोआप फिटत नाही. लोकमत मात्र दोषाकडे एखाद्या नाण्यासारखे पाहते. ते एकाच्या खिशात असेल, तर दुसऱ्याच्या खिशात नाही. दिवाणी कायदा याहून अधिक समंजस आहे. १९७५ पासून न्यूयॉर्कच्या कायद्यात हयगयीच्या दाव्यांत दोषाची टक्केवारीने वाटणी करण्याची सोय आहे. अर्थात याच राज्यातील न्यायमूर्ती कार्डोझो यांनी १९२९ साली एका करमणूक उद्यानातील अपघाताच्या दाव्यात हेही प्रतिपादन केले होते की, जो स्वेच्छेने खेळात उतरतो, तो त्या खेळातील उघड धोकेही पत्करतो. मग प्रश्न उरतो तो असा : शर्यतीत गाडी आपटणे हा पत्करलेला धोका खरा; पण शर्यत थांबलेली असताना पायी चालणाऱ्या माणसाला गाडीने चिरडणे, हाही त्याच धोक्यात मोडतो काय?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्याची एक संधी आली होती. २०१५ साली वॉर्डच्या मातापित्यांनी नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. हयगय आणि बेदरकारपणा यांमुळे आपला मुलगा गेला, हे त्यांचे म्हणणे. तो निव्वळ अपघात होता, ही स्टुअर्टची भूमिका. दावा सुनावणीच्या उंबरठ्यावर असताना २०१८ साली उभयपक्षी तडजोड झाली आणि तिच्या अटी गुप्त राहिल्या. दोन्ही घरांच्या दृष्टीने हे कदाचित शहाणपणाचे झाले असेल. त्या रात्रीचे दुःख न्यायालयात पुन्हा उगाळले जाणे कोणाला सुखावह झाले असते? परंतु त्यामुळे दोषाची वाटणी कायमची अपुरी राहिली. एका बाजूच्या मनात तो बलाढ्य माणसाच्या गाडीखाली गेलेला गावचा गुणी मुलगा आहे, तर दुसऱ्या बाजूच्या मनात तो रागाच्या भरात स्वतःचा घात करून घेणारा उतावळा पोर आहे. त्याची शर्यतीतली वर्षे, त्याची मेहनत, त्याचा नवोदिताचा मान, या साऱ्यांवर अखेरच्या काही सेकंदांनी पडदा टाकला. आणि ज्याच्याशी त्याची तुल्यबळ स्पर्धा होण्यास कदाचित अजून दहा वर्षे लागली असती, त्याच्याच नावाला त्याचे नाव कायमचे जोडले गेले.

राग येऊन गाडीतून उतरणे, ही वॉर्डने शोधून काढलेली गोष्ट नव्हती, हेही विसरून चालणार नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल येथील शर्यतीत खुद्द स्टुअर्टनेच गाडीतून उतरून मॅट केन्सेथ या चालकाच्या धावत्या गाडीवर आपले शिरस्त्राण फेकून मारले होते आणि प्रेक्षकांनी जल्लोष केला होता. असली दृश्ये दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवली जात. त्यात पुरुषार्थ आहे, असे तरुण चालक पाहून पाहून शिकले. तेव्हा त्या रात्री वॉर्ड रिंगणात उतरला, तो एकट्याच्या अविचाराने नव्हे. वर्षानुवर्षे टाळ्या वाजवून ज्या संकेताला खेळाने प्रतिष्ठा दिली होती, तोही त्याच्या बरोबरच उतरला होता. दोषाच्या वाटणीत हा तिसरा वाटेकरी मात्र कोणत्याही न्यायालयापुढे उभा राहिला नाही.

अपघातानंतर सहा दिवसांनी, १५ ऑगस्ट २०१४ रोजी, नॅस्कारने आपल्या शर्यतींसाठी नियम जाहीर केला. गाडी बंद पडली, तरी आग अथवा तसाच तातडीचा धोका नसेल तर चालकाने आत पट्ट्यांनी बांधलेलेच बसावे. मदतनीस येऊन सांगतील तेव्हाच उतरावे. आणि उतरल्यावर रिंगणाकडे किंवा कोणत्याही चालत्या गाडीकडे जाऊ नये. कित्येक स्थानिक मैदानांनीही असेच निर्बंध कडक केले. हा नियम इतका साधा आहे की तो आधीच का नव्हता, याचे नवल वाटावे. परंतु सुरक्षिततेचे बरेचसे नियम असेच कोणाच्या तरी मृत्यूनंतर लिहिले जातात.

केव्हिन वॉर्डच्या वारशातील हा हिस्सा मात्र निर्विवाद आहे. तो कोणाच्या बाजूचा आहे, असे विचारावे लागत नाही. कारण तो दोघांच्याही चाहत्यांच्या मुलांचे सारखेच रक्षण करतो. एखाद्या शनिवारी रात्री एखाद्या तरुणाची गाडी भिंतीला लागून थांबते, राग त्याच्या मस्तकात जातो, हात पट्ट्याकडे वळतो आणि नियमाच्या आठवणीने तेथेच थांबतो. मदतनीस येईपर्यंतची ती दोन मिनिटे त्याला फार लांब वाटतात. ती कोणामुळे त्याच्या वाट्याला आली, हे नियमाच्या मजकुरात लिहिलेले नाही.